एकोणीस सूट आणि बावीस अस्वलं

आमच्या एल्डर नदीच्या खोऱ्यात कोणतं मूल कोणत्या वयात कोणत्या शाळेत जातं, हे न अडखळता सांगू शकणारा माणूस एकच आहे. तो म्हणजे मी, लान्स हेडली! खोऱ्यातल्या शाळांच्या संयुक्त कचेरीत एकतीस वर्षं काढली आहेत मी. कचेरी म्हणजे ब्रॅकनफर्डच्या बाजारचौकात, केशकर्तनालयाच्या वरची एक खोली. संयुक्त म्हणजे मी आणि किटली.

तुम्हालाही सांगतो, फार सोपं आहे. नॉर्थम्बरलँडच्या आमच्या भागात पूर्वी तीन मजली कारभार होता. नवव्या वर्षापर्यंत गावातली पहिली शाळा. मग चार वर्षं ब्रॅकनफर्डची मधली शाळा. मग तेराव्या वर्षी मोठी शाळा. तिथली शेवटची दोन वर्षं, म्हणजे बारावी आणि तेरावी, यांना मिळून म्हणायचं सिक्स्थ फॉर्म, सहावा वर्ग. बारावी-तेरावीला सहावा का म्हणायचं, असं दक्षिणेकडून नवीन राहायला आलेली माणसं विचारतात. मी त्यांना म्हणतो, तुम्हाला आधी इथली थंडी सोसते का ते बघा, बाकीचं हळूहळू कळेल.

दोन वर्षांपूर्वी वरच्या लोकांनी ठरवलं की तीन मजल्यांचे दोन करायचे. मधली शाळा बंद. गावातली शाळा अकराव्या वर्षापर्यंत, तिथून थेट मोठी शाळा. बस! पण त्यामुळे झालं असं, की जी मुलं गेल्याच वर्षी गावातल्या शाळेतून केक खाऊन, रडून, मिठ्या मारून मधल्या शाळेत गेली होती, त्यांनी आता सहावीसाठी पुन्हा त्याच गावातल्या शाळेत परत यायचं! हे समजावून सांगायला पाच सभा झाल्या. प्रत्येक सभेनंतर लोकांना आधीपेक्षा कमी कळायला लागलं. पाचव्या सभेत एका आजोबांनी उठून विचारलं, "म्हणजे मलाही परत जावं लागणार का?"

यात गंमत होती तशी काळजीही होती. खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला असलेल्या थॉर्नहोपच्या शाळेत मुलं उरली होती एकतीस. मधल्या शाळेतली एकोणीस मुलं सहावीला परत आली, तर शाळा टिकणार होती. आईबापांनी त्यांना दुसरीकडे घातलं, तर शाळेला कुलूप. तिथल्या मुख्याध्यापिका मिस इझोबेल मिलबर्न अडतीस वर्षं त्या शाळेत होत्या. आणि शाळेच्या स्वयंपाकघरात माझी बायको थोरा होती. त्यामुळे शाळेला कुलूप लागलं असतं तर आमच्या घरात काय झालं असतं, याचा विचारही मी करत नव्हतो.

दुसऱ्या बाजूला मोठ्या शाळेच्या सिक्स्थ फॉर्मच्या प्रमुख मिसेस ऑनर रदरफर्ड. सिक्स्थ फॉर्मची त्यांची नवी इमारत ब्रॅकनफर्डबाहेर टेकडीवर झाली होती. त्यांचा आवाज असा, की त्या कोणत्याही भाषेत 'बसा' म्हणाल्या असत्या तरी माणूस खाली बसला असता. त्यांनाही घोर होताच. सोळा वर्षांची बावीस मुलं त्यांच्याकडे यायची होती, पण शहरातलं एक चकचकीत कॉलेज त्या मुलांना फुकट पिझ्झा आणि व्यायामशाळा दाखवून ओढत होतं.

म्हणून जुलैच्या पहिल्या गुरुवारी दोन्हीकडे ओळखीचा दिवस ठेवला. एक दिवस येऊन नवी शाळा बघा, आवडली तर सप्टेंबरपासून या. दोन्ही घोळक्यांनी सकाळी साडेआठला बाजारचौकात जमायचं. पहिली बस टेकडीवर, दुसरी थॉर्नहोपला; कुणी कोणत्या बसमध्ये बसायचं ते पत्रात. थॉर्नहोपची मुलं आधी रोजच्या बसनं बारा मैल खाली यायची आणि लगेच बारा मैल वर जायची होती, कारण नियमाप्रमाणे त्यांची हजेरी जुन्या शाळेच्या गावातच लागायला हवी. नियम मी केलेला नाही. मी फक्त पाळतो.

पत्रं मात्र मी केली! दोन्ही पत्रांवर ठळक अक्षरांत एकच मथळा: 'सहाव्यात आपलं स्वागत!' एकच मथळा दोन्हीकडे चालला, याचा मला काय आनंद झाला होता! पत्त्यांच्या चिकटपट्ट्यांचे दोन कागद छापले. दोन्हींवर कोपऱ्यात लिहिलं, '६'.

थोरा त्या दिवशी डबा घेऊन कचेरीत आली होती. कागदांकडे बघून म्हणाली, "लान्स, दोन्हींवर सहाच लिहिलंयस."

"दोन्ही सहावेच आहेत."

"वयं तरी लिही."

"थोरा, तू कधी बटाटे उकडताना मला विचारतेस का?"

"नाही."

"मग?"

ती डबा ठेवून गेली. एकतीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस ज्या सफाईनं काम करतो, त्या सफाईनं मी एक्केचाळीस पाकिटं अर्ध्या तासात हातावेगळी केली.

तीन दिवसांनी फोन सुरू झाले. पहिला फोन मिसेस निक्सन यांचा, वरच्या वस्तीवरच्या.

"मिस्टर हेडली, एल्सपेथला सूट घालून यायला सांगितलंय. खरंच हवा का?"

"हवाच. कार्यालयात जातो तसा पोशाख. मुलं आता लहान राहिली नाहीत."

"पण ओळखपत्र? तिच्याकडे पोहण्याच्या क्लबचं कार्ड आहे."

"फोटो आहे ना? चालेल."

"आणि 'पुढच्या आयुष्यात काय करायचं' यावर दहा मिनिटं मुलाखत? ती घाबरेल हो."

"मॅडम," मी खुर्चीत ताठ बसून म्हणालो, "आणखी दोन वर्षांनी ती घर सोडून जगात एकटी उभी राहणार आहे. सवय आत्तापासूनच लागायला हवी."

पलीकडून पत्र उलगडल्याचा आवाज आला.

"दोन वर्षांनी?"

"फार तर तीन."

फोन फार हळू खाली ठेवला गेला. मला वाटलं, आईचं काळीज!

दुसऱ्या दिवशी मिसेस टेट.

"आमच्या कीरनला लाडकं अस्वल आणायला सांगितलंय?"

"हो. अस्वल नसलं तर ससा चालेल. नव्या जागी मुलं बुजतात, ओळखीचं काहीतरी हातात असलं की बरं असतं."

"तो सहा फूट दोन इंच आहे."

आईला आपलं मूल मोठंच वाटतं, हे मला ठाऊक होतं. "वा! बाळसं धरलंय चांगलं," मी म्हणालो.

"रंगकामाला बाबांचा जुना शर्ट आणा असं लिहिलंय. बाबांचा शर्ट त्याला तोकडा होतो."

"मग बाबा बारीक असतील."

"मिस्टर हेडली, तो ट्रॅक्टर चालवतो!"

"छान! तोही घेऊन येऊ दे. मधल्या सुट्टीत खेळेल."

असे एकूण चौदा फोन आले. चौदाही जणांना मी एकच सांगितलं: नवी पद्धत आहे, सगळं नवंच असणार, पत्रात लिहिलंय तेच बरोबर. सगळ्यांचं समाधान झालं. निदान बोलणं तरी थांबलं.

गुरुवार उजाडला. लख्ख ऊन! मी काही चौकात उतरलो नाही. व्यवस्था चोख असली की व्यवस्थापकानं दिसू नये, हे माझं तत्त्व. खिडकीही उघडली नाही, कारण खाली केशकर्तनालयात केस रंगवायचा वास सुटला होता. दोन्ही बसेस निघाल्याचा आवाज ऐकला, किटली चढवली, पाय टेबलावर ठेवले.

नऊ वाजून वीस मिनिटांनी फोन. थोरा.

"लान्स, तुझी दहा वर्षांची मुलं दाढी करतात का?"

"काय?"

"एकाला दाढी आहे. दोघांना मिशा. मुलींपैकी दोघी माझ्यापेक्षा उंच आहेत. सगळी बावीस जण त्या बुटक्या खुर्च्यांवर बसलीत, गुडघे कानांपाशी आलेत. एक खुर्ची गेली. आणि प्रत्येकाच्या मांडीवर अस्वल आहे."

माझे पाय टेबलावरून आपोआप खाली आले.

"त्यांना... त्यांना काहीतरी खायला दे, थोरा. तोवर मी बघतो."

"दिलं. एकोणीस लहान पोरांचं दुपारचं जेवण होतं. सॉसेज, बटाटे, वाटाणे, जॅमचा केक. सगळं संपलं! नऊ वीस झालेत, लान्स! आता तो मिशीवाला विचारतोय, दुपारचं जेवण किती वाजता?"

"आणि मिस मिलबर्न?"

"त्या मजेत आहेत. त्यांनी सगळ्यांचं स्वागत केलं, मग ठरल्याप्रमाणे चमचा-अंड्याची शर्यत लावली. म्हणाल्या, मुलं जरा वाढलेली दिसतात, पण उन्हाळा चांगला झालाय यंदा."

मी फोन ठेवतो न ठेवतो तोच तो पुन्हा वाजला. या वेळी तो वाजला तेव्हाच कळलं कुणाचा ते. फोनसुद्धा ताठ वाजत होता.

"मिस्टर हेडली." मिसेस रदरफर्ड. "माझ्यासमोर एक होतकरू बँक व्यवस्थापक बसलाय. त्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत."

"मॅडम, मी..."

"पत्रात लिहिल्याप्रमाणे आम्ही सगळ्यांना कॉफी दिली. कप संपेपर्यंत माझं लक्ष नव्हतं, ही माझी चूक. आता त्यातले सहा जण कोट काढून व्हरांड्यात गोल गोल धावतायत. त्यांना थांबता येत नाहीये. एकाची टाय दारात अडकली होती, सोडवली. आणि निक्सन नावाची एक मुलगी मला एक प्रश्न विचारतेय, त्याचं उत्तर मला देता येत नाहीये. एकोणतीस वर्षांत असं झालं नव्हतं!"

माणसाचं मोठेपण संकटात दिसतं असं म्हणतात. माझं दिसलं! एका मिनिटात निर्णय. टेकडीवर सांगितलं: मुलं ताबडतोब बसमध्ये बसवा, थॉर्नहोपला पाठवा. थॉर्नहोपला सांगितलं: मुलं ताबडतोब बसमध्ये बसवा, टेकडीवर पाठवा. अदलाबदल! अकरापर्यंत सगळं जागच्या जागी! आणि देखरेखीला मी स्वतः गाडी काढून टेकडीवरच्या बसच्या मागोमाग निघालो.

एकच गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. ब्रॅकनफर्डहून थॉर्नहोपला जाणारा रस्ता आणि थॉर्नहोपहून ब्रॅकनफर्डला येणारा रस्ता, हा एकच रस्ता आहे. आणि त्याच्या मधोमध एल्डर नदीवर दगडी पूल आहे, एका बैलगाडीच्या मापानं बांधलेला.

पुलाच्या ऐन कमानीवर दोन बसेस समोरासमोर उभ्या ठाकल्या! एकीत ऑस्विन डॉड्स, दुसरीत त्याचा चुलतभाऊ पर्सी डॉड्स. दोघांची नाकं काचेला लागतील इतकं अंतर. मी गाडीतून उतरून धावत गेलो.

"मागे घे, पर्सी," ऑस्विन खिडकीतून ओरडत होता.

"तू घे."

"मी चढून आलोय!"

"मीही चढूनच आलोय. पूल दोन्हीकडून चढाच आहे."

"पर्सी, बऱ्या बोलानं सांगतो."

"माझ्यामागे मेंढ्या आहेत रे! वरच्या कुरणातल्या. दोनशे तरी असतील. रस्ता भरलाय."

"माझ्यामागे हेडली आहे."

"त्याचं काय! त्याला नदीत ढकल."

"आणि हेडलीच्या मागे मिसेस रदरफर्ड आहेत. स्वतः. गाडी घेऊन."

मी वळून बघितलं. खरंच होतं! माझ्या गाडीच्या मागे त्यांची काळी गाडी, तिच्या मागे दुधाचा टँकर. पर्सीनं टोपी काढून डोकं खाजवलं.

"मग तू नको घेऊस मागे," तो समजुतीनं म्हणाला.

मोबाइलला तिथं रेंज नाही. आमच्या खोऱ्यात रेंज फक्त दफनभूमीत येते. थोड्याच वेळात बसचं दार उघडलं आणि पहिला सूट खाली उतरला. मग दुसरा. कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, बापाची टाय गुडघ्यापर्यंत. पलीकडच्या बसमधून अस्वलं उतरू लागली. दोन्ही फौजा पुलाच्या दोन बाजूंनी नदीकाठच्या हिरवळीवर उतरल्या आणि एकमेकींकडे बघत राहिल्या.

मिसेस रदरफर्ड माझ्यापाशी आल्या.

"मिस्टर हेडली, हे काय आहे?"

"संगणकाचा घोळ आहे मॅडम," मी म्हणालो. "ही यंत्रं..."

"चिकटपट्ट्या हातानं लावल्यास तू," मागून आवाज आला. थोरा! मेंढ्यांच्या मागे शाळेची छोटी गाडी उभी करून ती कळपातून वाट काढत आली होती, हातात मोठी टोपली. तिच्यामागून मिस मिलबर्न. लहानखुऱ्या, पांढरे केस, पायांत रबरी बूट, हातात अंड्यांचा ट्रे. "मुलं उपाशी राहतील म्हणून पाव आणि चीज घेऊन आले," थोरा म्हणाली. "तू खाऊ नकोस."

मी नाही खाल्लं.

तेवढ्यात सूट घातलेली एक मुलगी सरळ मिसेस रदरफर्ड यांच्यासमोर येऊन उभी राहिली. वेण्या घट्ट, कोट आत्याचा असावा, पोहण्याच्या क्लबचं कार्ड गळ्यात अडकवलेलं. एल्सपेथ निक्सन.

"मिस, तुम्ही उत्तर दिलं नाहीत," ती म्हणाली.

"पुन्हा विचार," मिसेस रदरफर्ड म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"गेल्या वर्षी आम्हाला सांगितलं, ही शाळा संपली, आता मधली शाळा. आम्ही केक खाल्ला. मी दोन दिवस रडले. मग मधल्या शाळेत मला कुठं बसायचं ते कळायला लागलं, तर म्हणतात ती शाळाच संपली, परत जा. आणि आता आई म्हणते, दोन वर्षांनी घर सोडायचंय. मिस्टर हेडलींनी सांगितलंय." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नदीकडे बघितलं. "तर मला एवढंच विचारायचंय, मी कायमचा निरोप दिला होता ना? मग मी उगाच रडले का?"

हिरवळीवर धावणारी मुलंसुद्धा थांबली, कॉफी उतरली असावी. मिसेस रदरफर्ड यांनी चष्मा काढला आणि काच पुसत राहिल्या. ती काच स्वच्छ होती.

मिस मिलबर्न पुढे आल्या. अंड्यांचा ट्रे माझ्या हातात दिला आणि गवतातच एल्सपेथसमोर बसल्या.

"रडणं खरं होतं, बाळा," त्या म्हणाल्या. "मीही रडले होते, तुम्ही गेल्यावर, सामानाच्या खोलीत जाऊन. 'कायमचा' तेवढं चुकलं. ते मोठ्या माणसांनी चुकीचं सांगितलं. मोठी माणसं फार चुकतात."

पुन्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आणि घर सोडायचं काय?" एल्सपेथनं विचारलं.

आता मात्र माझ्याच्यानं राहवेना. मी ट्रे हातात घेऊनच म्हणालो, "ते माझं चुकलं, एल्सपेथ. मी तुझ्या आईला भलत्याच मुलीचं सांगितलं. तू अठराची होईपर्यंत घरीच राहायचं आहेस. सगळं माझंच चुकलं. पत्रंसुद्धा. दोन्हीकडची."

म्हटलं तर केवढंसं वाक्य! एकतीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणत होतो. एल्सपेथनं जरा विचार केला आणि म्हणाली, "बरं झालं. मला मेंढ्यांची डॉक्टर व्हायचंय, त्याला घरीच बरं."

"मेंढ्यांवरून आठवलं," मागून एक घोगरा आवाज आला. सहा फूट दोन इंचांचा, दाढीवाला पोरगा पुढे आला. काखेत एक कान तुटलेलं तपकिरी अस्वल. "मागच्या मेंढ्या काकांच्या आहेत माझ्या. ओढ्याच्या कडेनं खाली उतरवल्या तर रस्ता मोकळा होईल. पण खालच्या फाटकापाशी कुणीतरी उभं राहायला हवं. येतेस का, डॉक्टर?"

"तुझं नाव काय?"

"कीरन टेट."

"कीरन!" मिस मिलबर्न उठून उभ्या राहिल्या. "मघापासून मी म्हणतेय, हा चेहरा बघितलाय कुठंतरी. तू माझ्या टेबलाखाली लपायचास!"

कीरनचे कान लाल झाले. मित्रांनी असा काही हशा केला की पुलावरून ऑस्विन आणि पर्सीही हसायला लागले, आणि हसताना एकमेकांकडे बघितलं म्हणून लगेच थांबले.

कीरननं अस्वल माझ्या ट्रेवर ठेवलं आणि दोघं गेले. त्यानं दोन बोटं तोंडात घालून शीळ मारली, फाटकापाशी एल्सपेथ हात पसरून उभी राहिली, आत्याच्या कोटात ती एखाद्या बुजगावण्यासारखी दिसत होती. मेंढ्या पांढऱ्या पुरासारख्या खाली उतरल्या. रस्ता मोकळा झाला! आता पर्सीला बस मागे घेता आली असती.

पण आता कुणालाच जायचं नव्हतं! मिस मिलबर्न यांनी चमचा-अंड्याची शर्यत लावली, एक मोठं आणि एक लहान अशा जोड्या. मोठ्यानं चमचा धरायचा, लहान त्याच्या खांद्यावर. मिशीवाल्याच्या खांद्यावर होतकरू बँक व्यवस्थापक बसला आणि कान धरून त्याला डावीउजवीकडे वळवू लागला. अकरा अंडी फुटली. त्यातली तीन मी फोडली, ट्रे हातात असताना, नुसता उभा राहून.

मिसेस रदरफर्ड पुलाच्या कठड्यावर जाऊन बसल्या आणि तिथंच त्यांनी मुलाखती उरकल्या. मी ऐकत होतो, कारण अंड्यांमुळे मला हलता येत नव्हतं.

"तर कीरन टेट," त्या म्हणाल्या, "शहरातल्या कॉलेजात जाणार आहेस असं ऐकते."

"जवळजवळ ठरलंच होतं, मिस."

"मग?"

कीरन जरा घुटमळला. "तिथल्या ओळखीच्या दिवसाला गेलो होतो. व्यायामशाळा दाखवली, पिझ्झा दिला. दिवसभरात नाव मात्र कुणी विचारलं नाही. इकडे तर तुम्ही अस्वलसुद्धा घेऊन बोलावलंत."

मिसेस रदरफर्ड यांनी माझ्याकडे एक नजर टाकली. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "हो. आम्ही या गोष्टींचा फार विचार करतो."

तीन वाजता दोन्ही बसेस खाली ब्रॅकनफर्डला परतल्या, पर्सीनं बस मागे घेऊन बाजूला वळवल्यावर आणि ऑस्विननं पलीकडे जाऊन तोंड फिरवल्यावर. पर्सी आजही म्हणतो, मी मागे घेतली नाही, वळवली. दोन्ही बाईंनी पुलावर हात मिळवले. इतकी वर्षं एकाच खोऱ्यात, त्याच मुलांना शिकवत होत्या, पण समोरासमोर त्या दिवशी पहिल्यांदा भेटल्या होत्या. मग दोघींनी मिळून मला वीस मिनिटं झापलं. मिस मिलबर्न हळू आवाजात, मिसेस रदरफर्ड नेहमीच्या. हळू आवाज जास्त लागला. घरी गेल्यावर थोराची पाळी होती, ते मी इथं सांगत नाही.

ऑगस्टमध्ये याद्या आल्या. थॉर्नहोपच्या सहावीला एकोणीसच्या एकोणीस! सिक्स्थ फॉर्मला बावीसच्या बावीस! मिस मिलबर्न यांनी कचेरीत फोन करून फक्त "लान्स, आलीत रे सगळी" एवढंच म्हटलं आणि ठेवून दिला. मीही सामानाच्या खोलीत जाऊन आलो. कचेरीत सामानाची खोली नाही, म्हणून जिन्यात गेलो.

आणि सप्टेंबरचा पहिला दिवस! या वेळी मी हलगर्जीपणा केला नाही. वस्तीवस्तीवरून मुलं उचलायला पर्सीची बस, प्रत्येक मुलाचं नाव, वय, वर्ग, शाळा, सगळं पूर्ण अक्षरांत, तीनदा तपासलेलं. सकाळी साडेआठपासून मी फोनपाशी बसलो. नऊ वाजले. दहा वाजले. एकही फोन नाही! दुपारी मी खिडकी उघडली, केस रंगवायचा वाससुद्धा गोड वाटला. तीन वाजता किटली चढवली आणि पाय टेबलावर ठेवले.

साडेतीनला फोन वाजला. थोरा. आवाज इतका गोड, की लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होतो.

"लान्स, सगळी मुलं वेळेवर आली बरं का. बरोबर एकोणीस. बरोबर वयाची. जेवली, शिकली, खेळली. मिस मिलबर्न फार खूश आहेत."

"मग!" मी म्हणालो. "मी सांगितलं नव्हतं?"

"हो ना. आता दप्तरं पाठीला लावून फाटकात उभी आहेत सगळी. एवढंच विचारायचं होतं, त्यांना घरी सोडायला बस किती वाजता सांगितलीयस?"

मी यादी काढली. तीनदा तपासली. मग गाडीची किल्ली घेतली आणि जिना उतरलो. माझ्या गाडीत मागे तीन आणि पुढे एक बसतं. पाच फेऱ्या.